अधिक माहितीचा रकाना

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. आमच्या घरात सध्या अर्ज भरण्याचा हंगाम चालू आहे. अर्ज माझे नाहीत (माझे भरायचे ते सगळे भरून झाले, आता दरवर्षी फक्त हयातीचा दाखला!). धाकट्या बहिणीच्या मुलीचे आहेत.

दहावीपर्यंत ती मस्कतला ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत होती. मग बहीण आणि मेव्हणे पुण्याला परतले आणि अकरावीपासून ती आपल्या राज्य मंडळाकडे आली. आता तिला अमेरिकेतल्या चार-पाच नामांकित विद्यापीठांत प्रवेश हवा आहे. त्यांना नववीपासूनच्या चारही वर्षांची प्रगती बघायची असते. म्हणजे आधीची दोन वर्षं 'ए' आणि 'ए स्टार'ची, पुढची टक्क्यांची. त्यात अकरावीला बाईसाहेब एकसष्ट टक्क्यांवर आल्या. तिकडे प्रयोग करून निष्कर्ष आपल्या शब्दांत मांडायची सवय, इथे व्याख्या पुस्तकातल्यासारखी हवी. बारावीत सावरली आहे, पण ते एकसष्ट काही पुसले जात नाहीत.

"मामा, बघणाऱ्याला वाटणार की मस्कतला मला उगाच ए स्टार वाटत होते."

अर्जाच्या शेवटी 'अधिक माहिती द्यायची असल्यास' असा एक रकाना आहे. तो रिकामाच ठेवावा असं तिचं म्हणणं. का, तर रडगाणं वाटेल.

मी इतिहासाचा मास्तर. सल्ला द्यायच्या ऐवजी गोष्ट सांगायची खोड जात नाही. तर तिला गोष्ट सांगितली आनंदीबाई जोशींची. तुम्ही म्हणाल, त्यात नवीन काय? कादंबरी वाचली, नाटक पाहिलं, 2019 मध्ये सिनेमाही आला. पण मला सांगायचा होता तो त्यांचा प्रवेशअर्ज.

एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. नवरा बरोबर नाही. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिसिया कार्पेंटर या बाईंकडे त्या राहिल्या. या बाईंची ओळख केवळ पत्रांतून. गोपाळरावांचं बायकोच्या शिक्षणाविषयीचं पत्र एका मिशनरी मासिकात छापलं गेलं होतं, ते वाचून त्यांनी आपण होऊन पत्र घातलं होतं.

आता प्रवेश घ्यायचा तो फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात. 1850 मध्ये निघालेलं, बायकांना डॉक्टर करणारं जगातलं अगदी सुरुवातीचं कॉलेज. आणि आनंदीबाईंच्या हातात काय होतं? मॅट्रिकचं प्रमाणपत्र नाही. नवऱ्याने घरी शिकवलेलं, आणि पोस्टातल्या त्याच्या बदल्या होतील तसतसं तुकड्यातुकड्यांनी झालेलं शिक्षण. अमेरिकेतल्या कुठल्याही शाळेशी ते जुळवून दाखवता आलं नसतं.

जूनच्या अखेरीस त्यांनी कॉलेजला पत्र लिहिलं. ते आज उपलब्ध आहे. त्यात त्यांनी उणीव झाकलेली नाही. तुमच्या सगळ्या अटींत मी बसत नसेन, पण माझं प्रकरण नेहमीचं नाही, तेव्हा ते तसंच बघा, असा त्याचा आशय. ज्या निश्चयाने मी आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आले तोच निश्चय पुढेही उपयोगी पडेल, आणि माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात म्हणून मला हे शिकायचं आहे, हेही त्यात आहे. गयावया नाही आणि बढाईही नाही.

भाचीला म्हटलं, बघ, या बाईंचा अख्खा अर्जच 'अधिक माहिती'च्या रकान्यात होता. बाकीचे सगळे रकाने रिकामे!

पत्र वाचणाऱ्या डीन होत्या रेचेल बॉडली, स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांनी प्रवेश दिला. 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढे रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला बॉडलीबाईंनीच प्रस्तावना लिहिली.

गोष्ट इथेच थांबवली असती तर छान झालं असतं. पण भाची हुशार आहे. म्हणाली, "मामा, तिला चांगली डीन भेटली. मला कोण भेटेल काय माहीत?"

खरं आहे तिचं. सगळ्यांना बॉडलीबाई भेटत नाहीत.

मोहनदास गांधींचंच घ्या. 1887 मध्ये मॅट्रिक झाले, भावनगरच्या कॉलेजात एक सत्र काढलं आणि 1888 च्या सप्टेंबरात मुंबईहून विलायतेला निघाले. बॅरिस्टरीच्या परीक्षांपलीकडे आणखी काहीतरी शिकावं असं त्यांना तिथे वाटू लागलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा विचार झाला, पण खर्च फार आणि वर्षंही फार. शेवटी लंडनची मॅट्रिक द्यायचं ठरलं. म्हणजे झालेली मॅट्रिक पुन्हा! तिथे लॅटिन सक्तीचं. राजकोटच्या शाळेत लॅटिन कुठलं? 1890 च्या जानेवारीत ते लॅटिनमध्ये नापास झाले. मग राहणी आणखी साधी केली, रसायन सोडून उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला आणि जूनमध्ये पास झाले. आधी काय शिकून आलास, हे त्यांना कुणी विचारलं नाही. आमची परीक्षा दे, एवढंच. यात अन्याय म्हणावा असं नाही, पण आधीची मॅट्रिक तिथे काही मोजली गेली नाही.

तिसरी कथा याहून वाईट. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, 1866. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या घोळक्यात एकट्या शिकल्या आणि पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. या गुणांवर विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. बाई म्हणून नाकारली. इथे गुणपत्रिकेत काही कमी नव्हतं, पण शिष्यवृत्ती बायकांसाठी नव्हतीच. इंग्लंडमधल्या काही मंडळींनी पैसे उभे केले, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1889 मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. 1892 मध्ये खास परवानगी काढून कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली, पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नसे. पदवी हातात पडली ती 1922 मध्ये. तीस वर्षांनी!

तर एकीचं पत्र वाचलं गेलं, एकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली आणि एकीला सगळं असूनही थांबवलं गेलं. यातून 'प्रयत्नांती परमेश्वर' असा धडा काढायचा मला धीर होत नाही. शिवाय आनंदीबाईंची फिलाडेल्फियात प्रकृती ढासळली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, ती जागा त्यांना सांभाळताच आली नाही. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. प्रवेश मिळाला म्हणजे सगळं मिळालं, असं नसतं.

मग रकाना भरायचा कशासाठी?

याचं उत्तर देताना मला माझीच एक गोष्ट आठवली. ती आजवर कुणाला सांगितली नव्हती. नव्वदच्या दशकात मी एका कॉलेजात प्रवेश समितीवर होतो. नैरोबीहून आलेल्या एका मुलाचा अर्ज आला. टक्क्यांचा रकाना रिकामा, कारण त्याच्या प्रमाणपत्रावर टक्के नव्हतेच, श्रेण्या होत्या. अर्जाला टाचणीने एक पाकीट जोडलेलं होतं, बहुधा त्याच्या हेडमास्तरांचं पत्र. टेबलावर चारशे अर्ज. मी 'अपूर्ण' असा शेरा मारला आणि पुढचा अर्ज ओढला. पाकीट उघडलं नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी चौकशीला आला तेव्हा कारकुनाने परस्पर परत पाठवला. नियमात मी चुकलो नव्हतो. पण वर्गात आनंदीबाईंवर दरवर्षी तास घेणारा मी, बॉडलीबाईंच्या खुर्चीत बसायची वेळ आली तेव्हा पाकीटसुद्धा उघडलं नाही.

भाचीला हे सांगितलं. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे वाचतीलच असं नाही."

"नाही. पण पाकीट तरी होतं. एखाद्याने उघडलं असतं. लिहिलंच नसतं तर वाचायची इच्छा असलेल्यानेही काय वाचलं असतं?"

रात्री तिने आठ ओळी लिहिल्या. दोन शाळा, दोन पद्धती, अकरावीला काय जड गेलं, मग काय बदललं. एकसष्टचा आकडा पहिल्याच ओळीत. मी फक्त 'दुर्दैवाने' हा शब्द खोडायला सांगितला. बाकी सगळं तिचं.

अर्ज गेले. निकाल मार्चअखेर लागतील, कळवीनच. तोवर, तुमच्यापैकी कुणी प्रवेशाच्या टेबलाच्या त्या बाजूला बसत असेल तर एवढंच, टाचणी लावलेली पाकिटं उघडून बघत जा.