माळेने उतरलेली कावीळ

काविळीची माळ जुन्नर-आंबेगावातच काय, सगळ्या राज्यात ओळखीची. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवून ती करायची आणि डोक्यावर ठेवायची. काड्या सुकून आक्रसतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबत लांबत गळ्यात, मग छातीवर येते. तोवर बहुतेकांच्या डोळ्यांतला पिवळेपणाही ओसरतो. लोकांचा विश्वास बसला तो डोळ्यांदेखत माणसे बरी होताना पाहूनच. घोटाळा होता तो सगळ्या काविळी एकच धरण्यात.

त्या वेगळ्या ओळखायला डॉक्टरांनाही फार वेळ लागला. 1947 मध्ये मॅकॅलम या ब्रिटिश डॉक्टरने अन्नपाण्यातून येणारीला ‘ए’ आणि रक्तातून येणारीला ‘बी’ म्हणावे असे सुचवले. तेव्हा विषाणू कुणीच पाहिलेला नव्हता. 1965 मध्ये बारूक ब्लूमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन आढळले. ते ‘बी’च्या विषाणूचे कवच होते. ‘ए’चा विषाणू 1973 मध्ये दिसला. तेव्हापासून पाण्यातून आली म्हणजे ‘ए’च, असे सगळे धरून चालले.

हा समज मोडला त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यातच फारसा सांगितला जात नाही याची मला खंत वाटते. 1955-56च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले, सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोहोचले आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. त्या साथीतल्या रुग्णांचे रक्तद्रव जपून ठेवले होते. पुढे 1978-79 मध्ये पुण्यातही साथ आली. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या खुर्शीद पावरी, श्रीनिवासन आणि प्रसाद यांनी अमेरिकेतल्या वाँग व पर्सेल यांच्याबरोबर दिल्ली, अहमदाबाद आणि पुण्याचे नमुने तपासले. ना ‘ए’, ना ‘बी’! 1980 मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी काश्मीरच्या साथीवरून डॉ. खुरू यांनीही तेच मांडले. आपल्याकडे ‘ए’ बहुतेकांना लहानपणीच होऊन गेलेली असायची, मग तरण्याताठ्या माणसांना पाण्यातून होणारी ही कावीळ कुठली? 1983 मध्ये बलायान या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन विषाणू दाखवून दिला. तीच आजची ‘ई’.

‘ई’ही बहुतेकांची आपोआप बरी होते. गरोदर बाईला मात्र, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती जिवावर बेतू शकते. 2012 मध्ये इचलकरंजीत हीच साथ होती आणि तिने बळी घेतले. आंबेगावातल्या डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, बायका मिळेल ते पाणी भरतात. तिथे पोटुशी बाईसाठी पाणी उकळून ठेवा एवढे सांगितले तरी ते औषधाइतके मोलाचे आहे.

बाकीच्या दोघींचे थोडक्यात. ‘डी’ 1977 मध्ये इटलीत सापडली. ‘बी’ असल्याशिवाय ती होत नाही. ‘सी’ 1989 मध्ये ओळखली गेली. ती रक्तातून पसरते, तिच्यावर लस नाही, पण बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ती पूर्ण बरी होते. 2018 पासून सरकारी कार्यक्रमात या गोळ्या मोफत आहेत.

पावसाळ्यात बांधावर उगवणारी भुईआवळी काविळीवर घरोघरी देतात. मद्रासच्या त्यागराजन यांनी ती ‘बी’वर आजमावली, तेव्हा खुद्द ब्लूमबर्ग त्यांच्यासोबत होते. 1988 चा तो निष्कर्ष आशादायक होता, पण पुढच्या चाचण्यांत तो टिकला नाही.

आणि ‘बी’पाशीच माळ फसवते. मोठ्या माणसाची ‘बी’ बहुधा जाते. आईकडून जन्मताना लागलेली दहातल्या नऊ बाळांत मुक्कामाला राहते. डोळे पिवळे होत नाहीत, पोर धडधाकट दिसते, आणि तीस-चाळीस वर्षांनी यकृत निकामी होऊ शकते किंवा त्यात कर्करोग निघू शकतो. त्यावर लस आहे. तिचा पहिला डोस बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. बाळंतपण घरी झाले तरी त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात न्यायला हवे.