दुसरा विमानतळ की तिसरा?

मुंबईच्या दुसऱ्या विमानतळाची चर्चा आपण इतकी वर्षे ऐकली, की पहिला कोणता हेच विसरून गेलो. माझ्या हिशेबाने पहिला जुहूचा, १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे उतरले, ते याच जुहूला. पण समुद्रकाठच्या त्या जमिनीवर पावसाळ्यात पाणी साचे आणि टपालाचे विमान पुण्याला हलवावे लागे.

मग महायुद्ध आले. लष्करी विमानांसाठी सांताक्रूझला धावपट्ट्या झाल्या आणि युद्धानंतर प्रवासी विमानेही तिकडे गेली. म्हणजे मुंबईचा दुसरा विमानतळ कुणी चर्चा करून ठरवलाच नाही. तो युद्धाने दिला.

तेव्हा सांताक्रूझ शहराच्या कडेला होते. पुढे शहरच तिथवर चालत आले आणि वस्त्या कुंपणाला भिडल्या. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. २०१४ साली देखणी नवी टर्मिनल इमारत झाली. पण इमारत वाढली म्हणून धावपट्टी वाढत नाही. ‘हवा की नको’ या प्रश्नाचे उत्तर मला तरी इथेच मिळते.

खरा प्रश्न होता, कुठे आणि कुणाच्या जमिनीवर? रेवस-मांडव्याचा विचार झाला, अखेर पनवेलजवळची जागा ठरली. केंद्राची मंजुरी २००७ साली, पर्यावरण परवानगी २०१० साली, भूमिपूजन २०१८ साली. सुमारे ११६० हेक्टरांच्या या प्रकल्पासाठी उलव्याची टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला आणि वाघिवली, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी दहा गावे उठली.

या पट्ट्याला भूसंपादन नवे नव्हते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळग्रस्तांना पुढे साडेबावीस टक्के देऊ केले गेले. हा वाढीव वाटा मला औदार्य वाटत नाही. ती जुन्या लढ्याची कमाई आहे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरला प्रवासी विमाने उडू लागली. जुहूला शहराने गाठले, सांताक्रूझलाही गाठले. उलव्याभोवती इमारती आताच उभ्या राहिल्या आहेत. चौथ्याची जागा शोधायची वेळ आलीच, तर तिथल्या गावांना निदान आधी विचारलेले असावे.