शरणपूरची शाळा आणि जोतीरावांची शाळा : अभ्यासक्रम कोण ठरवणार?

चाकणच्या तळेगाव चौकातून नाशिकची एसटी पकडणारे आपले कितीतरी बांधव नाशिकला उतरून शरणपूर रोडने जातात. हे शरणपूर म्हणजे काय, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना कुठेच थारा नाही त्यांना शरण देणारे गाव, म्हणून शरणपूर. आणि या गावात एकोणिसाव्या शतकात आफ्रिकन मुलांची शाळा होती!

गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार समुद्रात अडवायचे. त्यातून सुटलेली पोरकी मुले मुंबईला उतरवली जायची. त्यातल्या अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या वसाहतीत ठेवले गेले. रेव्हरंड विल्यम प्राइस हे तिथले प्रमुख होते. मुलांना इंग्रजी लिहिणे-वाचणे, बायबल, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. नावेही नवी मिळाली : जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर.

ही मुले काही साधी निघाली नाहीत. १ मे १८७३ च्या सुमारास डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना म्हटली ती नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने. सहकाऱ्यांनी तो मृतदेह शेकडो मैल खांद्यावरून समुद्रापर्यंत आणला. १८७४ साली लंडनमध्ये ज्यांनी ती शवपेटी वाहिली त्यांत जेकबही होता. जगाने नाव लक्षात ठेवले ते लिव्हिंग्स्टनचे. ओझे वाहणाऱ्याचे नाव इतिहासात तळटीपेत जाते, हे आपल्याला नवीन नाही.

आता त्याच काळात पुण्यात काय चालले होते ते पाहू. १८४८ साली भिडेवाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीमाई शिकवू लागल्या. सावित्रीमाईंच्या १८५६ च्या पत्रात जिची काळजी दिसते ती फातिमा सोबत होती. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. मुले गोळा करायला लहुजी साळवे आणि राणबा महार वस्तीत दारोदार फिरले. सदाशिव गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम परांजपे हे ब्राह्मण मित्र पाठीशी होते. सरकारी मदतही मिळाली. हे सगळे मान्य केले पाहिजे. उपकार विसरणे ही आपली परंपरा नाही.

पण पुढे जोतीरावांचे आणि काही सहकाऱ्यांचे मतभेद झाले. कारण त्यांनी स्वतःच 'गुलामगिरी'त सांगितले आहे. अतिशूद्रांच्या मुलांना थोडेफार लिहिता-वाचता आले म्हणजे झाले, असे सहकाऱ्यांचे म्हणणे होते. जोतीरावांचे म्हणणे होते की या मुलांना आपले हित कशात आणि अहित कशात हे ओळखण्याइतके ज्ञान मिळालेच पाहिजे. मित्रांनो, भांडण पैशाचे नव्हते, अभ्यासक्रमाचे होते. शाळेला मदत करणे वेगळे आणि मूल काय शिकणार हे ठरवणे वेगळे.

या ज्ञानाचे फळ काय असते ते मुक्ता साळवेने दाखवले. १८५५ साली या चौदा वर्षांच्या मांग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखाचा हिशोब तिने मांडला आणि ज्या धर्माचे ग्रंथ आम्हाला वाचू दिले जात नाहीत तो धर्म आमचा कसा, असा सवाल केला. नुसत्या बाराखडीतून असा प्रश्न उगवत नाही. आपल्या माणसांचे काय झाले हे वर्गात बोलले गेले, तरच तो उगवतो.

जोतीरावांनी १८७३ चा 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेत निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्याच वर्षी झांजिबारच्या सुलतानाला गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही करावी लागली. १८७५ साली प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रेरेटाउन वसवले आणि नाशिकचे आफ्रिकन तिकडे गेले. तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये धर्मगुरूची दीक्षा मिळाली. १८८० च्या दशकात मालकांकडून पळून आलेल्या शेकडो गुलामांना जोन्सच्या रबाई केंद्रात आसरा मिळाला. जोन्स आपल्या माणसांना विसरला नाही. पण प्रत्येक मूल जोन्स होत नाही. म्हणून शाळेनेच ती आठवण द्यावी लागते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी हे ओळखले. कार्टर वुडसन यांनी १९२६ साली निग्रो इतिहास सप्ताह सुरू केला. ओकलंडमध्ये ब्लॅक पँथरने एरिका हगिन्स यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची शाळा चालवली.

हे सगळे आज का लिहितो आहे? आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. गेल्या वर्षी एका कंपनीच्या सीएसआरमधून प्रस्ताव आला : संगणक, टेबले, शिक्षकाचा पगार. अट एकच. स्पोकन इंग्लिश आणि स्किल शिकवा, शनिवारचा फुले-आंबेडकरांचा इतिहासाचा तास बंद करा. बैठकीत ठेकेदाराकडे झाडूकाम करणारी एक ताई म्हणाली, "पोरीला वेल्डिंग बी शिकवा, पन तिचा आजा कोन हुता ते बी शिकवा." प्रस्ताव आम्ही परत केला.

काही मित्र म्हणतील, ही भावनिकता आहे, पोट आधी. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. नकाराची किंमत आम्ही मोजतो आहोत. दहावीची दोन मुले पैसे भरून दुसऱ्या क्लासला गेली. शिक्षिकेचे मानधन दोन महिने थकले आहे. पण लक्षात घ्या, कौशल्याला आमचा विरोध नाही. शरणपूरनेही सुतारकाम उत्तमच शिकवले असेल. आमचा विरोध कौशल्याच्या बदल्यात स्मृती मागण्याला आहे. चाकणच्या लाइनवर हात चालवणारा मुलगा हवाच, पण कंत्राटावरची सगळी नावे आपल्याच वस्तीतली का, हे विचारणारा मुलगाही तोच हवा.

पाठिंबा कुणाचाही घ्यावा. जोतीरावांनीही घेतला. पण वर्गात काय बोलायचे हे लहुजी-राणबांच्या वस्तीने ठरवावे. कंपनीने संगणक दिले नाहीत, म्हणून आता आपल्यालाच महिन्याला शंभर-शंभर रुपये काढायचे आहेत. शनिवारचा तास मात्र चालू आहे. सहा वाजता या, आपल्या मुलांना घेऊन या.

जय जोती, जय सावित्री, जय भीम!