भाडेपावती ते अकरा महिन्यांचा करार

आपली सोसायटी आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा एकाच वयाचे. हा कायदा ३१ मार्च २००० रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी आपली नोंदणी झाली. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने हा विषय घेतला, कारण मालक होण्याआधी आपल्यापैकी बरेच जण भाडेकरूच होतो.

आपला हा सगळा पट्टाच छप्पर शोधत आलेल्यांनी वसवला. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत राहिली. १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि विम्कोच्या आगपेट्यांच्या कारखान्यामुळे कामगार आले, चाळी उभ्या राहिल्या. पुढे मुंबईत जागा परवडेना, तसे लोक लोकल धरून बदलापूरपर्यंत सरकले.

चाळीत भाडेपावती जिवापाड जपली जायची. आमच्या घरी ती रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत असे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यामुळे मालकाला मनाला येईल तसं भाडं वाढवता येत नव्हतं. भाडं थकलं तरी लेखी नोटीस देऊन महिनाभर थांबल्याशिवाय दावा लावता येत नसे. पण जुनी भाडी १९४० च्या पातळीवरच गोठली. तेवढ्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी हात झटकले, पागडी बोकाळली. अखेर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता न्याय्य राहिली नसल्याचं सांगितलं.

नव्या कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली. भाडं थकल्यास नोटिशीनंतर ९० दिवस थांबणं आलं. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत बाकी १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढचं भाडं नियमित दिलं आणि दाव्याचा खर्च चुकता केला, तर थकबाकीसाठी घर जात नाही. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि योग्य कारणाशिवाय पाणी-वीज तोडता येत नाही.

मात्र हे संरक्षण भाडेकरूला आहे. आज आपले फ्लॅट जातात ते लिव्ह अँड लायसन्सवर. तिथे वाढ करारात लिहिलेली तेवढी, आणि मुदत संपली की जागा सोडायची; न सोडल्यास दुप्पट शुल्क. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज चुकीचा आहे. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याने सांगितलेल्या अटीच खऱ्या धरल्या जातात.

सोसायटीवरही मर्यादा आहे: नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

तेव्हा सभासदांना एवढंच सांगणं आहे. करार नोंदवा, पैसे मिळाले की पावती द्या, आणि एखाद्याचं भाडं थकलं तर कुलूप बदलण्याआधी कायद्याचा रस्ता धरा. आपल्या आईवडिलांची बिऱ्हाडं त्याच रस्त्याने टिकली.