लिपिडे : संशोधनाचा इतिहास

पाण्यात न विरघळणाऱ्या परंतु ईथर, क्लोरोफॉर्म इ. कार्बनी विद्रावकांत विरघळणाऱ्या जैव पदार्थांना लिपिडे म्हणतात. वसा ही ग्लिसरॉल व वसाम्ले यांची बनलेली असते, हे मीशेल शव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी साबणाच्या अभ्यासावरून दाखविले (१८२३). तेओदोर गोब्ली यांनी अंड्याच्या बलकातून मिळविलेल्या फॉस्फरसयुक्त लिपिडाला लेसिथीन हे नाव दिले (१८५०). पुढे साधी, संयुक्त व साधित असे लिपिडांचे तीन वर्ग रूढ झाले.

वसा हा शरीरातील ऊर्जेचा साठा होय. १ ग्रॅम वसेपासून सु. ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. परंतु लिपिडांचे कार्य एवढेच नाही. एव्हर्ट गॉर्टर व एफ. ग्रेंडेल या डच शास्त्रज्ञांनी तांबड्या रक्तकोशिकांतील लिपिडे ॲसिटोनाने वेगळी करून पाण्यावर एका रेणूच्या जाडीच्या थरात पसरविली (१९२५). थराचे क्षेत्रफळ कोशिकांच्या पृष्ठफळाच्या सु. दुप्पट भरले, त्यावरून कोशिका-पटल दुपदरी असल्याचे अनुमान त्यांनी काढले. वास्तविक लिपिडांचे निष्कर्षण अपुरे झाले होते व पृष्ठफळही कमी धरले गेले होते. या दोन चुका परस्परांना छेदून गेल्या आणि निष्कर्ष अचूक ठरला. दोन्ही पदरांतील रेणूंची जलस्नेही टोके बाहेर पाण्याकडे व जलविरोधी शृंखला आत असतात. हे पटल ताठर नसून प्रवाही असते व त्यात प्रथिने विखुरलेली असतात, हे प्रारूप एस. जे. सिंगर व जी. एल. निकलसन यांनी १९७२ मध्ये मांडले.