शरणपूरचीं आफ्रिकी मुलें

नाशकास वरचेवर जाणाऱ्या वाचकांस शरणपूर रस्ता ठाऊक असतोच. त्या नांवांत 'शरण' हा शब्द कां यावा, असा प्रश्न मात्र क्वचितच कोणास पडतो. पंचवटीचें गांव, तेव्हां रामचंद्राच्या कथेशीं त्याचा कांहीं संबंध असेल, असें समजून आपण पुढें जातों. वस्तुतः शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीनें १८५४ सालीं वसविलेली ख्रिस्ती वस्ती. आणि १८६० च्या सुमारापासून तेथें जे शरणागत येऊं लागले ते पूर्व आफ्रिकेंतले होते, व वयानें बहुतेक मुलें होतीं.

त्यांची हकीकत थोडक्यांत अशी. न्यासा सरोवराच्या आसपासच्या मुलखांतून माणसें पकडावीं, त्यांना किनाऱ्यापर्यंत चालवीत आणावें, आणि झांझिबारच्या बाजारांतून गलबतांत भरून अरबस्तान व इराणी आखाताकडे पाठवावें, असा हा व्यापार होता. इंग्रजी आरमारानें अशीं गलबतें अडवून जे लोक सोडविले, त्यांतले पुष्कळसे मुंबई बंदरांत उतरविण्यांत आले. मोठ्यांना कोठें ना कोठें चाकरी लागली. लहानग्यांचें काय करावें, हा पेंच होता. कित्येकांचें घर जळून गेलेलें, आणि असलें तरी त्याचा ठावठिकाणा सांगण्याइतकें वय नाहीं. यांतलीं बरींच मुलें आणि मुली घांट चढून नाशकास आलीं. लोक त्यांना हबशी म्हणत. हबशी म्हणजे खरोखर हबसाणचा, अर्थात् अबिसीनियाचा रहिवासी. हीं मुलें तर मुख्यतः याओ आणि त्यांच्या शेजारच्या जमातींचीं. पण मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्या काळापासून आपल्या तोंडीं बसलेला तो एकच शब्द साऱ्या आफ्रिकेस पुरत असे.

शरणपूरच्या आश्रमाचे चालक रेव्हरंड विल्यम प्राइस यांनीं मुलांना सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम शिकविलें, लिहावयास-वाचावयास शिकविलें, इंग्रजी शिकविलें. हें ऋण मोठें आहे, आणि तें नाकारण्याचा माझा हेतु नाहीं. उपाशी, भेदरलेल्या पोरास आधीं भाकर आणि मग हातांत एखादी कला देणें यापरतें दुसरें पुण्य कोणतें? परंतु या देण्याबरोबर एक घेणेंहि होतें. एडवर्ड गार्डनर, सायमन प्राइस, रूबेन स्मिथ, अब्राहम परेरा हीं त्या मुलांचीं नांवें पाहा. एकाचें आडनांव तर थेट चालकांचेंच! आईबापांनीं कोणत्या नांवानें हांक मारली होती, कोणतीं गाणीं म्हणून निजविलें होतें, याची विचारपूस त्या शिक्षणक्रमांत बसत नव्हती.

१८६५ सालीं डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आला आणि आपल्या अखेरच्या प्रवासासाठीं त्यानें शरणपूरचे नऊ तरुण निवडले. जानेवारी १८६६ मध्यें मंडळी मुंबईहून निघाली. बरोबरचे मुंबईचे शिपाई लवकरच परत पाठवावे लागले. कोमोरो बेटांतले हमाल पळून गेले आणि लिव्हिंग्स्टन मेला अशी खोटी बातमी पसरवून मोकळे झाले. शरणपूरच्या मुलांवरहि लिव्हिंग्स्टनचा रोष होता, आणि त्यांपैकीं कित्येक वाटेंतच गळाले. तरी गार्डनर आणि मब्रुकी शेवटपर्यंत राहिले, आणि १८७२ मध्यें जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार वगैरे आणखी शरणपूरकर त्यांना येऊन मिळाले.

वर्गांत स्टॅन्ले आणि लिव्हिंग्स्टन यांच्या भेटीचा प्रसंग सांगितला कीं विद्यार्थी हंसतात. खरी कथा त्यानंतरची आहे. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं चितांबो नामक नायकाच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारला. वरिष्ठ असा कोणीहि गोरा माणूस शेंकडों मैलांत नव्हता. मंडळीनें आपसांत विचार करून ठरविलें कीं प्रेत त्याच्या देशास पोंचवावयाचें. हृदय झाडाखालीं पुरलें. वेनराइटनें प्रार्थना वाचली आणि झाडावर लेख कोरला. शरीर मीठ घालून उन्हांत वाळविलें, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळलें आणि खांद्यावर घेतलें. उन्यान्येंबे येथें कॅमेरून नांवाचा इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, येथेंच पुरून टाका. त्यांनीं ऐकलें नाहीं. पुढें प्रेत गांवांतून नेण्यास लोक हरकत घेऊं लागले, तेव्हां त्यांनीं गवताकाड्यांचें बनावट प्रेत बांधून परत पाठविल्याचें सोंग केलें, आणि खरें प्रेत कापडाच्या गांठोड्यासारखें बांधून निर्धास्त पुढें नेलें. हजार मैलांहून अधिक वाट तुडवून फेब्रुवारी १८७४ मध्यें ते बागामोयोच्या किनाऱ्यावर उतरले. १८ एप्रिल रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेंत जो समारंभ झाला, त्यांत शवपेटीशीं चालणाऱ्या बड्या मंडळींत वेनराइट हा एकटा आफ्रिकी होता.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें या लोकांसाठीं पदकें पाडलीं, आणि त्यांच्या अखेरपर्यंतच्या निष्ठेचा गौरव केला. मला हा 'निष्ठा' शब्द खटकतो. निष्ठा होती, यांत संशय नाहीं. पण कॅमेरूनला नकार देणें, बनावट प्रेताची युक्ति लढविणें, ही कांहीं नुसती निष्ठा नव्हे. तो स्वतंत्र बुद्धीचा निर्णय होता. सोहळा झाला तो धन्याचा; ज्यांनीं धन्यास वाहून आणलें त्यांच्या वांट्यास सेवकपणाचें प्रशस्तिपत्र आलें.

याच सुमारास बार्टल फ्रिअर (पूर्वीं हेच मुंबईचे गव्हर्नर) यांच्या प्रेरणेनें मोंबासासमोरच्या किनाऱ्यावर मुक्त गुलामांसाठीं फ्रिअरटाउन ही वसाहत निघाली. १८७४-७५ मध्यें प्राइससाहेब तेथें गेले आणि शरणपूरचे सुमारें दीडशें आफ्रिकीहि तेथें गेले. मायदेशीं परत, असें म्हणावयाचें. पण याओंचा मुलूख तेथून किती तरी दूर. किनाऱ्यावरचे लोक त्यांना 'मुंबईचे आफ्रिकी' म्हणत, म्हणजे परकेच समजत. तरी या परक्यांनीं जें केलें तें पाहण्यासारखें आहे. इश्माएल सेमलर व विल्यम जोन्स या दोघां शरणपूरकरांस १८८५ मध्यें बिशप हॅनिंग्टन यांनीं धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. त्याच वर्षीं युगांडाच्या वाटेवर बिशपांचा वध झाला, तेव्हां छावणींत मागें राहिलेल्या माणसांना जोन्सनेंच सुखरूप किनाऱ्यास आणलें. जवळच्या रबई गांवीं पळालेले गुलाम येऊन राहत. जोन्सनें त्यांना थारा दिला. अखेर ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझीनें मालकांना मोबदला देऊन १८८९ च्या १ जानेवारीस चौदाशेंहून अधिक जणांना मुक्तिपत्रें दिलीं. आश्रय मागणारीं मुलें आतां आश्रय देणारीं झालीं होतीं.

शरणपूरशीं ज्यांचा कांहींच संबंध आला नाहीं, त्यांची कथा निराळी आहे. गुजराथेंत भडोच जिल्ह्यांतील रतनपूर येथें बावा गोर या पीराचा दर्गा आहे. तेथील सिद्दींना ना कोणी इंग्रजी शिकविली, ना कोणी सुतारकी. पण त्यांच्याजवळ मुगरमान हा ढोल राहिला, मलुंगा हें धनुष्याकृति एकतारी वाद्य राहिलें, आणि 'गोमा' राहिला. स्वाहिली भाषेंत 'न्गोमा' म्हणजे ढोल आणि नाचहि. तोच हा शब्द. आजचे सिद्दी तरुण हा नाच घेऊन विलायतेंतहि जाऊन आले आहेत. शरणपूरला विद्या मिळाली, रतनपूरला स्मृति टिकली. एकाच वेळीं दोन्ही कोणाच्या वांट्यास आलें असतें तर, हा विचार मनांतून जात नाहीं.

हा प्रश्न जुना झालेला नाहीं. ज्या केनियांत शरणपूरचीं मुलें गेलीं, त्याच केनियाच्या वायव्येस काकुमा येथें १९९२ मध्यें निर्वासितांची छावणी उभी राहिली, तीहि सूदानच्या यादवींतून एकटीं चालत आलेल्या मुलांसाठीं. दरवर्षीं २० जूनला, म्हणजे जागतिक निर्वासित दिनीं, तेथें निरनिराळ्या देशांचे तरुण आपापले नाच करतात. बुरुंडीहून आलेल्यांचे ढोल वाजतात. (हा दिवस संयुक्त राष्ट्रांनीं २००१ पासून सर्व जगाचा केला, त्यापूर्वीं तो आफ्रिकेचाच होता.) धान्य वाटण्याच्या ठिकाणीं नाचगाणें कशाला, असें विचारणारे सज्जन आपल्यांतहि सांपडतील. त्यांनीं शरणपूरच्या नांवांची यादी एकदां पुन्हा वाचावी. लंडनच्या ज्या सोसायटीनें पदकें पाडलीं, तिनेंच २००७ मध्यें 'मुंबईचे आफ्रिकी' या विषयावर प्रदर्शन भरविलें. त्यांत सेवक मध्यभागीं आले, इतकाच तो फरक. पण एकशें तेहतीस वर्षें लागलीं.

फ्रिअरटाउनची घंटा अजून उभी आहे आणि त्या चौकाचें नांव तिच्यावरूनच 'केंगेलेनी', म्हणजे घंटेपाशीं, असें पडलें आहे. लिव्हिंग्स्टनचें प्रेत वाहून नेणाऱ्यांपैकीं मॅथ्यू वेलिंग्टन हा शेवटचा. तो मोंबासा येथें १९३५ पर्यंत जगला. म्हातारपणीं त्यानें आपली हकीकत सांगितली तेव्हां गुलामगिरीच्या आधींचें आपलें नांवहि सांगितलें. तें चेंग्विंबे असें होतें.