तळटीप : डोमेन नाव आणि आभासी सर्व्हर
जागतिक भारवाटपाच्या संदर्भात ‘आभासी सर्व्हर’ म्हणजे स्वतंत्र यंत्र नव्हे, तर आयपी पत्ता व पोर्ट यांची जोडी होय, जिच्याआड प्रत्यक्ष काम करणारी अनेक यंत्रे असतात. एकच डोमेन नाव मुंबई व फ्रँकफर्ट येथील दोन आभासी सर्व्हरांशी जोडले असता, डीएनएस या १९८३ साली मांडल्या गेलेल्या नामप्रणालीतील अधिकृत सर्व्हर कोणते केंद्र सुरू आहे व कोणते जवळचे आहे, हे पाहून पत्ता कळवतो. उत्तराची ग्राह्य मुदत, म्हणजेच ‘टीटीएल’, ३० सेकंद ठेवल्यास बंद पडलेल्या केंद्राचा साठवलेला पत्ता सहसा तेवढ्याच काळात बाद होतो. मात्र ‘जवळचे’ हे बहुधा वापरकर्त्याच्या नव्हे, तर त्याच्या वतीने विचारणा करणाऱ्या रिझॉल्व्हरच्या ठिकाणावरून ठरते. — संपा.